सहा दिवस बिनतक्रार

"भात फार सुंदर झालाय," दर्शना म्हणाली आणि तिच्या दाढेखाली वाळू कचकन वाजली.

तो आवाज मी स्पष्ट ऐकला. पण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिनं दुसरा घास घेतला, डोळे मिटून चावला आणि गिळून टाकला.

"अप्रतिम," मी म्हणालो. "दाणा न् दाणा वेगळा लागतोय."

"हो ना. काही दाणे तर फारच वेगळे आहेत."

डेगची घेऊन शेजारी उभे असलेले मंडलबाबू आमच्या तोंडाकडे बघत होते. मराठी त्यांना कळत नव्हतं. दर्शना त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बाबू, चावल बहुत अच्छा बना है." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यांनी दोघांच्या ताटात आणखी दोन-दोन डाव भात वाढला आणि सगळा संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

ही पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंदमानातलं एक लहानसं बेट होतं. त्याचं नाव सांगत नाही, मंडलबाबूंच्या स्वयंपाकाची उगाच बदनामी नको. सरकारी बोटीवरून निवृत्त झाल्यावर त्यांनी किनाऱ्यालगत तीन तंबू ठोकले होते. त्यातले दोन रिकामे होते आणि तिसऱ्यात आम्ही नवराबायको राहत होतो. बँकेकडून दर्शनाला मिळणारी प्रवाससवलत त्या मार्चअखेर वाया जाणार होती, म्हणून जानेवारीतच सुट्टी काढून निघालो होतो. सहा दिवस काही करायचं नाही, वाळूत पडायचं, पोहायचं, पुन्हा वाळूत पडायचं असा बेत होता. निदान घरून निघताना तरी तेवढाच होता.

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि दर्शना रत्नागिरीत बँकेत अधिकारी होती. मध्ये कुंभार्ली घाट आणि सात तासांची एसटी. एका शनिवारी मी जायचो, पुढच्या शनिवारी ती यायची. आमच्या संस्थेचं एक कॉलेज रत्नागिरीला होतं आणि तिच्या बँकेची शाखा साताऱ्यात होती, म्हणजे दोघांपैकी कुणीही बदली मागितली असती तर प्रश्न मिटला असता. पण मी मागायला तयार नव्हतो, कारण साताऱ्यात माझी आई एकटी होती. ती तयार नव्हती, कारण रत्नागिरीत तिचे अण्णा एकटे होते. शनिवार-रविवार आम्ही यावर वाद घालायचो, आणि त्यातून वेळ उरलाच तर ओल्या टॉवेलवरून भांडायचो.

विमानातल्या गार उपम्याला मी नावं ठेवली तेव्हा दर्शना म्हणाली, "तू जन्मजात तक्रारखोर आहेस."

"आणि तू?"

"माझ्या तक्रारींना कारण असतं."

"सहा दिवस तंबूत राहायचंय, मॅडम. बघू कोण आधी कुरकुरतंय ते."

"पैज?" ती एकदम सरळ बसली. "जो पहिली तक्रार करेल त्यानं बदलीचा अर्ज करायचा. पैजेची मुदत परतीच्या बोटीत पाय ठेवेपर्यंत."

मी तिच्या हातावर टाळी दिली. चेन्नई येईपर्यंत नियमही ठरले. कपाळाला आठी पडली तर चालेल, पण शब्द नको. उसासा निम्मा धरायचा आणि दोन उसासे झाले की हार. मी मनातल्या मनात तिचं सामान साताऱ्याच्या घरात लावायलाही घेतलं. का नाही घेणार? मी तीसेक किल्ले पालथे घातले होते, उघड्या कातळावर झोपलो होतो. बाईसाहेब जन्मात कधी तंबूत शिरल्या नव्हत्या. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खेळ खलास.

तसं काही झालं नाही. आमचा तंबू उतारावर होता, त्यामुळे दोघं घरंगळत खाली यायचो आणि पहाटे दाराशी एकमेकांच्या अंगावर सापडायचो. "रोज आपोआप जवळ येतो आपण," ती म्हणायची आणि माझं कोपर आपल्या बरगडीतून काढायची. वाळूतल्या बारीक माश्या चावून पायांवर गांधी उठल्या. "रक्ताभिसरण सुधारतंय," मी म्हणालो. मंडलबाबूंचा चहा म्हणजे उकळलेली साखर. "शक्ती येते," दर्शना म्हणाली. तिनं त्यांनाही हिंदीत तसं सांगितलं, आणि मग दिवसातून दोनदा येणारा चहा पाचदा यायला लागला.

घोळ होता तो हाच. आम्ही ज्याचं कौतुक करू ते मंडलबाबू दुप्पट आणून द्यायचे. मोहरीच्या तेलातल्या अंडाकरीला मी एकदा वाहवा केली आणि चार जेवणं सलग तीच आली. आयुष्यात इतके समाधानी पाहुणे त्यांनी पाहिले नसावेत. त्यांच्याकडे एक कोंबडा होता, बांग असली कर्कश की नारळ पडावेत. दर्शना त्याच्या आवाजावर भाळल्याचं नाटक करायची. तिसऱ्या दिवशी पहाटे बांग थेट माझ्या कानात झाली. बाहेर येऊन बघतो तो पठ्ठ्या आमच्याच तंबूच्या खुंटीला बांधलेला.

"किती गोड," दर्शना आतून म्हणाली. "गजर लावायला नको."

"खरंच," मी दात आवळून म्हणालो. "सूर्योदयही चुकणार नाही."

मग मीही कंबर कसली. दर्शना ताजा मासा बघून पाघळते हे मला ठाऊक होतं. चौथ्या दिवशी मंडलबाबू जाळ्यातून भला मोठा मासा घेऊन आले तेव्हा मी त्यांना हळूच बाजूला घेतलं आणि सांगितलं की मॅडमना माशाच्या रश्श्यात भरपूर साखर आवडते. म्हातारा एक क्षण माझ्याकडे बघतच राहिला, पण पाहुण्याचा शब्द त्यांनी खाली पडू दिला नाही.

रत्नागिरीच्या पोरीनं गोड रश्श्याचा पहिला घास घेतला. तिचा गळा हलला, डोळ्यांत पाणी तरळलं.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"माणसानं," ती थांबून थांबून म्हणाली, "इतका वेगळा विचार करायला हवा."

मला हसू दाबता येईना, म्हणून मी समुद्राकडे बघत खोकलो.

खरं सांगायचं तर ते बेट अतिशय सुंदर होतं. दुपारी झाडांची सावली पाण्यापर्यंत पोचायची. पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायाची नखं दिसायची. शंख पाठीवर घेतलेले खेकडे आमच्या चपलांभोवती फिरायचे. दर्शना ओले केस पसरून झोपायची आणि मी तिच्या शेजारी पुस्तक उघडं ठेवून काहीही न वाचता पडायचो. तीन वर्षांत आम्ही सलग तीन दिवससुद्धा एकत्र राहिलो नव्हतो. एका संध्याकाळी पाणी तांबूस झालं होतं. ती माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "किती छान आहे रे हे." आणि मला कळेचना की हे खरं की पैजेतलं. मी "हो, फारच छान" म्हणालो. तेही तिला कसं ऐकू गेलं असेल कुणास ठाऊक. चार दिवस खोटं कौतुक करून आमच्याकडे खऱ्यासाठी शब्दच उरले नव्हते. मला थोडं वाईट वाटलं, पण तसं म्हटलं तर ती तक्रार झाली असती.

पाचव्या दिवशी सकाळी ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकांवर आम्ही फिरायला गेलो आणि मी एका डबक्यात अनवाणी पाय टाकला. तिथं सी अर्चिन बसलेला होता, लिंबाएवढा काळा गोळा आणि त्याला सगळीकडून काटे. टाचेत एकदम कुणी सुया ठोकल्यासारखं झालं.

"अरे वा!" मी ओरडलो.

"काय दिसलं?" दर्शनानं लांबून विचारलं.

"शंख. केवढा मोठा!"

ती येईपर्यंत मी पाय पाण्यात खोल दडवला आणि शंख आता पळून गेला असं सांगितलं. काटे आत मोडले होते. एकच दिवस उरला होता, दुसऱ्या दिवशी दहाला बोट. इतकं सोसल्यावर टाचेपायी सातारा घालवायचा? छे! मी दिवसभर सावलीत पडून राहिलो आणि आळस किती सुखाचा असतो यावर तिला व्याख्यान दिलं.

सहाव्या दिवशी सकाळी टाच सुजून बुटात जाईना. मी मोजे चढवले आणि वाळूत बसून चहा प्यायला लागलो.

दर्शनानं माझ्याकडे बघितलं. "मोजे?"

"पाय मऊ राहतात."

"आज जेट्टीपर्यंत चालतच जाऊ. दोनच किलोमीटर आहे."

"दोनच? अजून असतं तर बरं झालं असतं." मी उठलो, तीन पावलं टाकली. चौथं पडेना. मी आहे तिथंच बसलो. "इथून समुद्र काय सुरेख दिसतोय!"

"तू समुद्राकडे पाठ करून बसलायस, संग्राम."

ती आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं मोजा ओढून काढला. लालबुंद टाचेत काळे ठिपके दिसत होते. तिनं वाकून ते एकेक करून मोजले.

"हे कधीचं?"

"काल सकाळचं."

"दुखतंय?"

"छे! जरा गुदगुल्या होतात."

तिनं अंगठ्यानं टाच दाबली. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"आता?"

"ताजंतवानं वाटतंय."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिनं माझा पाय मांडीवर घेतला आणि तिचा आवाज एकदम वेगळा झाला. "मागच्या श्रावणात तुला डेंग्यू झाला होता."

"झाला की तो बरा."

"मला कधी कळलं? बाराव्या दिवशी, आईंकडून. त्या बारा दिवसांत मी रोज फोन केला होता. रोज विचारायचे, कसा आहेस. काय सांगायचास तू?"

मी पाय मागे घ्यायला बघितलं, पण तिनं तो सोडला नाही.

"मस्त. एका हाताला सलाइन आणि दुसऱ्या हातात फोन, आणि म्हणे मस्त."

"तू सात तासांवर होतीस. सांगून काय उपयोग होता?"

"रडले असते मी. रात्रीची गाडी पकडून आले असते. काहीतरी केलं असतं ना!"

"आणि तू?" आता मलाही राग आला. "अण्णा न्हाणीघरात पडले तेव्हा तू काय सांगितलंस? सगळं छान. मी शनिवारी आलो तेव्हा दारातच त्यांचं प्लॅस्टर दिसलं मला."

"हो," ती म्हणाली. "मीही तेच केलं. टॉवेलवरून आपण तासभर भांडतो आणि खरंच काही झालं की दोघंही मस्त असतो." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. "मला वाटलं होतं सहा दिवस तक्रार करायची नाही म्हणजे जिवावर येईल. किती सहज जमलं रे आपल्याला. तीन वर्षांची सवय आहे."

मी मोजा उचलून त्यातली वाळू झटकत राहिलो.

"जाऊ दे," ती उठत म्हणाली. "जिंकलास तू. सोमवारी मी साताऱ्यासाठी अर्ज देते. थांब, बाबूंकडून गरम पाणी आणते."

मी जिंकलो होतो. सातारा, आई, माझी प्रयोगशाळा, सगळं शाबूत राहिलं होतं. एका पायावर का होईना, मी नाचायला हवं होतं. पण मी पाठमोऱ्या दर्शनाकडे बघत राहिलो. रत्नागिरीला ती अण्णांचा निरोप कसा घेईल ते मला दिसलं, आणि साताऱ्यात आल्यावर ती मला रोज "मस्त" म्हणेल तेही दिसलं.

"दर्शना!" मी ओरडलो. "लय दुखतंय!"

ती थबकली.

"काल सकाळपासून जीव चाललाय माझा! भातात वाळू हाय! चहा न्हाई तो, पाक हाय पाक! अंगभर माश्या चावल्यात, आन् त्या कोंबड्याची मान पिरगाळावीशी वाटतीया मला!" कॉलेजात जपलेली माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "आन् रविवारी तू स्टँडवर एसटीत बसतीस न्हवं, ते मला सोसत न्हाई. गाडी गेली तरी मी घरी जात न्हाई. तासभर त्या बाकड्यावर बसून राहतो. घरी तुझा चहाचा कप तसाच पडलेला असतो, तो बुधवारपर्यंत धुवत न्हाई मी. तीन वर्षं झाली, दर्शना. मला न्हाई जमत हे. अजिबात मस्त न्हाई मी!"

माझा आरडाओरडा ऐकून मंडलबाबू धावत आले. "क्या हुआ? मुर्गा ने काटा?"

दर्शना रडत होती आणि हसतही होती. तिनं त्यांना माझी टाच दाखवली. म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला, गरम पाणी आणलं, लिंबं चिरली आणि माझा पाय बादलीत बुडवला. पाय बादलीत असतानाच दर्शनाच्याही तोंडाचा बांध फुटला. तंबू उतारावर आहे, पाठ मोडली, सहा दिवसांत धड झोप नाही. शेवटी ती मंडलबाबूंवरच घसरली. "और बाबू, मछली में शक्कर कौन डालता है?"

"साहब बोला था!" म्हातारा दुखावून म्हणाला.

दर्शनानं सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघायला लागलो.

"और मुर्गा?" मी विचारलं. "तंबू को मुर्गा कौन बांधता है?"

"मॅडम बोला था. बोला, साहब के कान के पास बांधो."

आता बादलीत बघायची पाळी तिची होती. मंडलबाबू आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "अच्छा नहीं था तो बोलना था ना," ते शेवटी म्हणाले. "हम रोज पूछता था."

काटे निघाले तेवढे त्यांनी काढले आणि मला सामानाच्या हातगाडीवर बसवून जेट्टीपर्यंत ढकलत नेलं. बोट लागेपर्यंत आमचं जुंपलं होतं.

"मी हरलो," मी म्हणालो. "तक्रार मी आधी केली."

"मी त्याआधीच हार मानली होती."

"हार मानणं म्हणजे तक्रार नव्हे. नियमात बसत नाही."

"ते मी ठरवणार. हरले मीच."

"हरलो मी! साक्षीदार आहेत मंडलबाबू."

हातगाडीमागून मंडलबाबू दोघांनाही मान डोलावत होते. बोट सुटली तरी निकाल लागला नाही, आणि घरी पोचल्यावर दोघांनीही तो विषय काढला नाही. मी का काढला नाही ते मला माहीत होतं. सोमवारी लंगडत लंगडत मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि रत्नागिरीच्या कॉलेजात बदली मागितली. आदेश हातात पडला की तिला दाखवून चकित करायचं, असा माझा डाव होता.

जूनमध्ये आदेश आला. मी आनंदानं फोन केला तर पलीकडून तीच ओरडली, "अरे, माझी साताऱ्याला बदली झाली! जानेवारीतच अर्ज दिला होता, तुला सांगितलं नाही!"

दोघांनीही बरेच हातपाय मारले. तिच्या जागी माणूस हजर झाला होता, माझ्या जागेसाठी मुलाखती झाल्या होत्या. वर्षभर तरी काही होणार नाही, असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. सगळी स्टाफरूम पोट धरून हसली. एका रविवारी मी ट्रंक घेऊन सासुरवाडीला अण्णांकडे राहायला गेलो आणि ती पेट्या घेऊन माझ्या आईकडे आली. आमच्या एसट्या घाटात कुठंतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असतील. पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी आधी एकमेकांना विचारून अर्ज केले आणि चिपळूणला घर केलं. आई आणि अण्णाही हळूहळू तिथं आले. पण ती पुढची गोष्ट.

घरं बदलल्यावरच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी अण्णांच्या अंगणात उभा होतो. अण्णा आत जेवणाची पानं घेत होते. फोन वाजला.

"कशी आहेस?" मी विचारलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"वाईट," दर्शना म्हणाली. "फार वाईट गेला रे आजचा दिवस."

मी अण्णांना खुणेनंच जेवून घ्यायला सांगितलं, पायरीवर मांडी घालून बसलो आणि म्हणालो, "सांग."